सात मीटर, सोळा अँपिअर

आमच्या ओट्यावर दोनच प्लग पॉइंट असून त्यांवर मिक्सर आणि पाण्याचा फिल्टर यांनी कूळकायदा लागल्याप्रमाणे कब्जा केलेला आहे. त्यामुळे घरात इंडक्शनची शेगडी आली, तेव्हा तिच्या वाट्याला फ्रिजशेजारचा मोठा पॉइंट तेवढा उरला आणि एक एक्स्टेन्शन आणण्याचे काम माझ्याकडे आले. ‘जाता जाता घेऊन या’ असे ज्या कामाबद्दल सांगितले जाते, ते जाता जाता कधीच होत नाही, हे मला या वयात ठाऊक असायला हवे होते.

फ्रिज ते ओटा हे अंतर मी नजरेने मोजले. ते चार मीटर भरले. त्याप्रमाणे कोपऱ्यावरच्या दुकानातून चार मीटरची, निळा दिवा लागणारी, मोबाइल चार्जिंगचीही सोय असलेली एक देखणी पट्टी आणली. नजर सरळ रेषेत मोजते आणि वायर मात्र भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवर चढून पुन्हा खाली उतरते, हा फरक ती लावताना कळला. शेवटी ती दारातून आडवी, गुडघ्याच्या उंचीवर ताणून बसवावी लागली. सौभाग्यवतींनी दोन दिवस ती निमूटपणे ओलांडली. तिसऱ्या दिवशी तिच्यावर दोन नॅपकिन वाळत घातलेले दिसले.

शिवाय शेगडीच्या प्लगचे जाड पाय त्या पट्टीत शिरेनात. दुकानदाराने त्यावर कन्व्हर्शन प्लग दिला आणि चहा उकळायच्या आत वायर हाताला शेकू लागली. रबर जळाल्यासारखा वास आला, तेव्हा कुठे मी गणित मांडले. शेगडी दोन हजार वॅटची. भागिले 230 व्होल्ट, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर. पट्टी सहा अँपिअरची, म्हणजे फार तर 1380 वॅटची धनीण. सातवीतल्या मुलाला येणारे हे गणित मी दोनशे ऐंशी रुपये खर्चून शिकलो.

मग पुण्याच्या बुधवार पेठेतली, विजेच्या सामानाची तपकीर गल्ली गाठली. तिथल्या दुकानदाराने माझ्याकडे न पाहताच विचारले, “काय चालवायचंय?” दोन हजार वॅट म्हटल्यावर त्याने तयार पट्ट्यांकडे पाठ फिरवून वायरचे भेंडोळे काढले. “दीड स्क्वेअर मिलिमीटरची जाड वायर घ्या काका, तिन्ही तारा तांब्याच्या. किती मीटर?” मागच्या फजितीने शहाणा होऊन मी ठणकावून दहा सांगितले, वास्तविक सुतळीने मोजून आणलेले अंतर सात होते. त्याने काउंटरवरच्या खुणांवर वायर मोजली, टोके सोलली, सोळा अँपिअरचा प्लग उघडून हिरवी तार वरच्या जाड पायाला कसली आणि तो पाय इतरांपेक्षा लांब का असतो, हेही सांगितले: आत जाताना अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे आणि निघताना सर्वांत शेवटी सुटावे, म्हणून. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या भावाची ही रीत मला फार आवडली.

पैसे घेताना तो म्हणाला, “उरलेली वायर गुंडाळून ठेवू नका हं, वेटोळ्यात उष्णता कोंडते.” आता जास्तीचे तीन मीटर मोकळे सोडायचे कुठे? ते फ्रिजमागून निघून जेवणाच्या टेबलाला प्रदक्षिणा घालून परत येऊ लागले. दोन वेळा अडखळल्यावर सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, “शेगडीच फ्रिजजवळ स्टुलावर ठेवली तर?”

शेगडी आता तिथेच आहे आणि एक्स्टेन्शन माळ्यावर. गणपतीच्या आदल्या दिवशी सोसायटीचे तरुण सेक्रेटरी ते मागायला आले. मी चष्मा लावून विचारले, “एकूण वॅट किती? अंतर भिंतीच्या कडेने मोजलंत की सरळ? प्लग सहाचा की सोळाचा?”

“काका, एलईडीच्या दोन माळा आहेत हो,” ते म्हणाले.

मी त्यांना सुतळी दिली आणि आधी मोजून यायला सांगितले.