टक्के आणि लीद

खान्देशात काळ्या मातीबद्दल वाकडं बोलायची सोय नाही. कापूस तिच्यात, केळी तिच्यात, भरताची वांगी तिच्यात. त्यामुळे चाकावर बसून मी "या मातीचं भांडं होत नाही" असं म्हणालो, तेव्हा सासऱ्यांनी हातातला चहा खाली ठेवला. माती त्यांच्याच बांधावरची होती. "माती चांगलीच आहे जावईबापू," ते म्हणाले आणि माझ्या हातांकडे बघत राहिले.

काळ्या मातीचा स्वभाव जावयाचा. पाणी दाखवलं की फुगते, जरा ऊन लागलं की तडकते. मी स्वतः जावई असल्यामुळे हे अधिकारवाणीने सांगू शकतो. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते आपल्या पापुद्र्यांमध्ये पाणी साठवतं आणि पाणी गेलं की आक्रसतं. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या यामुळेच. पण शेताला भेगा पडल्या की "जमीन आपोआप नांगरली जाते" म्हणून कौतुक, आणि माझ्या वाडग्याला पडल्या की माझं शिक्षण निघतं.

माती किती आकसते हे बघायची एक साधी रीत आहे. ओल्या मातीची पट्टी थापायची, तिच्यावर 10 सेंटिमीटरची रेघ ओढायची आणि वाळल्यावर पुन्हा मोजायची. रेघ 9 सेंटिमीटर भरली तर माती 10 टक्के आकसली. माझी भरली साडेआठ, तीही पट्टी दाबून धरल्यावर, कारण पट्टीला कमान आली होती.

तेव्हापासून गच्चीवर बादल्या आल्या. काळी 60 टक्के, गिरणा नदीचा गाळ 25, विटांचा चुरा 15. पुढच्या बादलीत काळी 50, गाळ 30, चुरा 20. गाळातली रेती आणि भाजलेल्या विटेचा चुरा आकसत नाहीत, म्हणून मिश्रण ताळ्यावर राहतं. मात्र चुरा वाढला की चाकावर तळहात सोलून निघतात. प्रत्येक बादलीवर मी खडूने आकडे लिहिले. कपडे वाळत घालायला आलेल्या बायकोने ते वाचले आणि विचारलं, "ही मतमोजणी कुठल्या मतदारसंघाची?"

चुनखडीचा त्रास वेगळाच. काळ्या मातीत तिचे बारीक खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, भांडं बाहेर आलं की तो हवेतली ओल ओढून फुगतो आणि वरची माती उडवून लावतो. फडताळात ठेवलेल्या माझ्या वाडग्याने रात्री 'टप्' असा आवाज करून सासूबाईंना उठवलं. उंदीर समजून त्यांनी झाडू आणला. यावर साधा उपाय म्हणजे बारीक चाळणी. मैद्याची चाळणी गच्चीवर सापडली, त्या संध्याकाळी मला कळण्याची भाकरी कोरडीच मिळाली.

शेवटी कुंभारवाड्यातल्या एका म्हाताऱ्या आजोबांना विचारलं. "लीद टाका," ते म्हणाले. "किती टक्के?" "दोन मुठी." "किती मातीला?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चाकाकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागले. लीद टाकण्यामागचं शास्त्र मात्र चोख आहे. तिच्यातले तंतू वाळताना मातीला धरून ठेवतात, आणि भट्टीत ते जळून गेले की बारीक छिद्रं राहतात. त्या छिद्रांतून माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडून जातं आणि आतलं गार होतं.

आता घोडा कुठे शोधायचा? वरातीच्या घोडीमागे टोपली घेऊन फिरायचा विचार बायकोने हाणून पाडला, कारण लग्न तिच्याच मामेबहिणीचं होतं. म्हणून मी दत्तजयंतीला सारंगखेड्याला गेलो. एकमुखी दत्ताच्या यात्रेत तिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. फेटेवाले शौकीन घोड्याचे दात पाहत होते, कान पाहत होते, चाल पाहत होते. मी मागच्या बाजूला पिशवी घेऊन उभा. एका व्यापाऱ्याला वाटलं, हा कोणीतरी फार मुरलेला पारखी आहे. त्याने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "शेठ, मागून काय पाहिलं?" मी पिशवी उघडून दाखवली. परतताना एसटीत माझ्या शेजारची जागा थेट जळगावपर्यंत रिकामी राहिली.

लिदीने भांडी उभी राहिली. जळगावच्या उन्हात ती भराभर वाळू नयेत म्हणून मी ती केळीच्या पानांत गुंडाळली, तर पानांच्या शिरा ओल्या मातीवर उमटल्या. पाहुण्यांनी नक्षी म्हणून वाखाणल्या, मी मान डोलावली.

राहिला वरचा लेप, म्हणजे स्लिप. गेरू आणि काळी माती पाण्यात घोळायची, जाड कण बसू द्यायचे आणि वरचा तलम भाग काढून घ्यायचा. घोळ पातळ व्हावा म्हणून त्यात चिमूटभर धुण्याचा सोडा. ओल्या घागरीवर लेप काय देखणा दिसला! पण तो घागरीपेक्षा जास्त आकसतो. वाळल्यावर सगळ्या अंगभर जाळी उठली. मी घरात पुरातत्त्व काढलं. तापीच्या खोऱ्यात सुमारे चार हजार वर्षांपूर्वी सावळदा संस्कृतीची माणसं राहत होती, त्यांच्या भांड्यांवरच्या जाड लेपालाही अशाच बारीक भेगा आहेत. म्हणजे ही आपली परंपरा आहे.

"मग त्यांनीही आखाजीची घागर बाजारातूनच आणली असेल," सासूबाई म्हणाल्या. "पितरांच्या नावाने गळकी घागर भरत नसतात."

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, बाजारात बायको एकेका घागरीवर बोटाने टिचकी मारून कान लावत होती. मी विक्रेत्याला विचारलं, गाळ कुठला, रेती किती, चुनखडी चाळली का, आव्याच्या भट्टीला पऱ्हाट्या लावल्या की गोवऱ्या, लेप ओल्यावर दिला की वाळल्यावर. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"भाऊ, घागर घ्यायची का परीक्षा घ्यायची?"

बायकोने लग्नानंतर पहिल्यांदाच घासाघीस न करता पैसे दिले.