रेलश्टाबचे चांदणे आणि एक अर्धवट गोष्ट

बीथोव्हनच्या 'मूनलाइट सोनाटा' या तीन भागांच्या पियानो रचनेविषयी एक मजकूर वारंवार फिरत असतो. बर्लिनच्या लुडविग रेलश्टाब या समीक्षकाने १८३२ मध्ये ही रचना ऐकून तिला स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्न सरोवरावरील चांदण्याची उपमा दिली, त्यावरून तिचे नाव पडले, आणि या एका वाक्याखेरीज रेलश्टाबच्या खात्यावर काहीही जमा नाही, असा त्याचा आशय. यातली चांदण्याची उपमा तेवढी खरोखरच त्याची आहे.

वर्ष मात्र चुकले आहे. रेलश्टाबची 'थिओडोर' ही कथा १८२४ मध्येच बर्लिनच्या एका संगीतविषयक नियतकालिकात छापून आली होती, आणि तीत या सोनाटाच्या पहिल्या, संथ भागाविषयी लिहिताना चंद्रप्रकाशातले सरोवर, भोवतीचे वनाच्छादित डोंगर आणि पाण्यावरून सरकणारे हंस असे चित्र त्याने रेखाटले होते. म्हणजे १८२७ मध्ये वारलेला बीथोव्हन तेव्हा हयात होता. ल्युसर्न आणि तिथल्या सरोवरातली होडी यांचा उल्लेख प्रसिद्ध झाला तो विल्हेल्म फॉन लेन्झ या संगीतलेखकाच्या बीथोव्हनवरील १८५२ च्या पुस्तकामुळे. त्यात रेलश्टाबचे मत लेन्झच्या शब्दांत येते. १८०२ मध्ये प्रकाशित करताना बीथोव्हनने स्वतः या रचनेला केवळ 'जवळजवळ फँटसियासारखा (म्हणजे मुक्त बांधणीच्या रचनेसारखा) सोनाटा' अशा अर्थाचे इटालियन शीर्षक दिले होते. शिवाय तिसऱ्या भागातल्या वादळात चांदणे कुठे शोधायचे, हा प्रश्न उरतोच.

'एका वाक्याचा धनी' हा आरोप सर्वांत अन्यायाचा आहे. तोफखान्यातली नोकरी सोडून लेखनाकडे वळलेला हा माणूस १८२६ पासून 'फोसिशे त्साइटुंग' या बर्लिनच्या वृत्तपत्राचा संगीत समीक्षक होता आणि १८३० ते १८४१ या काळात 'इरिस' हे नियतकालिक त्याने चालवले. गायिका हेन्रिएट झोनटाग हिच्यावरील उपहासात्मक लेखनापायी त्याने तुरुंगवासही भोगला. संगीतकार शोपाँच्या पियानोवरील एट्यूडांविषयी (सरावाच्या रचनांविषयी) तर त्याने लिहिले की, ज्यांची बोटे वाकडी आहेत त्यांची ती सरळ होतील, इतरांनी मात्र शस्त्रवैद्य जवळ असल्याखेरीज त्या वाजवू नयेत. हा निकाल काळाने फिरवला, पण वाक्य अजून हसवते.

आणि तो कवीही होता. संगीतकार शूबर्टच्या मृत्यूनंतर प्रकाशित झालेल्या 'श्वानेनगेझांग' (हंसगीत) या गीतसंग्रहातील सात गीतांचे शब्द रेलश्टाबचे आहेत. त्यांतल्या 'श्टेंडशन' या सर्वश्रुत गीतातही वृक्षांचे शेंडे चांदण्यातच सळसळतात.