‘आधार-पॅन तर आपण सगळीकडेच देतो’: क्रिप्टोच्या केवायसीविषयी फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

गेल्या काही आठवड्यांत कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच संदेश तीन वेगवेगळ्या सदस्यांनी पुढे पाठवला. त्याचा आशय असा: क्रिप्टोच्या, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी चलनाच्या, केवायसीला (ग्राहकाच्या ओळख पडताळणीला) घाबरण्याचे कारण नाही; आधार-पॅनची झेरॉक्स आपण सिमकार्डवाल्यापासून लॉजपर्यंत सगळीकडे देतोच; एक्स्चेंज, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणारी कंपनी, सरकारकडे नोंदलेले असते; पडताळणी झाली की कागदपत्रे पुसली जातात; ओटीपी सांगितला नाही तर नुसत्या आधार क्रमांकाने कोणी काही करू शकत नाही; आणि ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नाही त्याने घाबरावे कशाला. मी प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून देण्याचे काम करतो, त्यामुळे इतरांची ओळखपत्रे रोजच माझ्या टेबलावर असतात. या संदेशातील काही वाक्ये अर्धी खरी आहेत, आणि पूर्ण खोट्या वाक्यापेक्षा अर्धे खरे वाक्य लोकांना लवकर पटते, म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. केवायसी देऊच नये, असे माझे म्हणणे नाही. 7 मार्च 2023 च्या अधिसूचनेने क्रिप्टोचे व्यवहार चालवणाऱ्या कंपन्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या आणि ग्राहकाची ओळख पटवून घेणे त्यांना बंधनकारक झाले. ज्याला रीतसर खाते उघडायचे आहे त्याला कागदपत्रे द्यावीच लागतील. ती कोणाच्या हाती देतो आणि त्यांचे पुढे काय होऊ शकते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

‘सगळीकडे देतोच’ हा पहिला मुद्दा. देतो हे खरे, आणि किती बेफिकीरपणे देतो हेही खरे; झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेल्या प्रतींच्या गठ्ठ्याचे पुढे काय होते, हे आपल्यापैकी कोणीही कधी विचारत नाही. परंतु एक चूक आपण रोज करतो म्हणून दुसरी निर्धोक ठरत नाही, आणि मुख्य म्हणजे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. लॉजवाल्याच्या फायलीत आधारची एक धूसर, काळी-पांढरी प्रत असते. क्रिप्टोच्या पडताळणीत मात्र आधारच्या दोन्ही बाजूंची रंगीत छायाचित्रे, पॅन, चेहऱ्याची सेल्फी, कधी मान डावी-उजवीकडे वळवतानाची चित्रफीत, मोबाइल क्रमांक, ईमेल आणि बँक खात्याचा तपशील हे सगळे एकाच जागी, एकाच नावाखाली जमा होते. त्यात भर म्हणजे या माणसाकडे क्रिप्टो आहे आणि साधारण किती आहे, हेही त्याच नोंदीत असते. सुटे कागद आणि हा तयार संच यांत मोठा फरक आहे, कारण दुसरीकडे कुठे तुमच्या नावाने खाते उघडायचे असेल तर जे जे लागते ते जवळपास सगळे या संचात आयते मिळते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. आधार क्रमांक आयुष्यभरासाठी एकच असतो आणि चेहऱ्याचे तर बोलायलाच नको.

‘एक्स्चेंज सरकारकडे नोंदलेले असते’ हा दुसरा मुद्दा, आणि मला तो सर्वांत घातक वाटतो. ही नोंदणी अर्थ मंत्रालयाच्या अखत्यारीतील फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे होते. तिचा अर्थ इतकाच की त्या कंपनीने संशयास्पद व्यवहार कळवायचे आणि ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या. ती नोंदणी म्हणजे तुमची सेल्फी सुरक्षित राहील याची हमी मुळीच नव्हे. बँकेविषयीच्या तक्रारीसाठी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, क्रिप्टो एक्स्चेंजविषयीची तक्रार तो ऐकत नाही. विदा (डेटा) संरक्षणाचा 2023 चा कायदा सुरक्षेत कसूर करणाऱ्या कंपनीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो, पण तो दंड सरकारजमा होतो. ज्याची कागदपत्रे फुटली त्याला त्यातून भरपाई मिळण्याची सोय त्या कायद्यात नाही.

उदाहरणे हवी असतील तर दूरची शोधावी लागत नाहीत. कॉइनबेस ही अमेरिकेतील सर्वांत मोठ्या एक्स्चेंजपैकी एक. मार्च 2025 मध्ये तिने भारतात नोंदणी झाल्याचे जाहीर केले आणि मे 2025 मध्ये आपल्या ग्राहकांची माहिती चोरीला गेल्याचेही जाहीर केले. अमेरिकेबाहेरच्या ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांना लाच देऊन ही माहिती बाहेर काढण्यात आली होती. 69,461 ग्राहक त्यात सापडले. नाव, पत्ता, फोन, शिल्लक यांबरोबर सरकारी ओळखपत्रांची छायाचित्रेही गेली. चोरांनी 2 कोटी डॉलरची खंडणी मागितली, कंपनीने ती नाकारून तेवढ्याच रकमेचे बक्षीस त्यांना पकडून देणाऱ्यासाठी लावले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की यात एकही पासवर्ड चोरीला गेला नव्हता. पासवर्डची गरजही नव्हती, कारण ग्राहकाला फोन करून, त्याचीच माहिती त्याला अचूक वाचून दाखवून, ‘मी कंपनीतून बोलतो आहे’ असे पटवणे हाच सगळा डाव होता. त्याआधी ऑगस्ट 2019 मध्ये बायनान्स या दुसऱ्या मोठ्या एक्स्चेंजच्या ग्राहकांची म्हणून ओळखपत्रे हातात धरलेली छायाचित्रे बाहेर आली आणि 300 बिटकॉइनची मागणी झाली, तेव्हा कंपनीने पडताळणीसाठी नेमलेल्या एका बाहेरच्या कंत्राटदाराकडे बोट दाखवले होते. म्हणजे तुम्ही कागदपत्रे देता एकाला आणि ती हाताळतो तिसराच.

‘नेमलेला माणूस विश्वासाचा असणारच’ असे निदान पुणेकराने तरी म्हणू नये. गेनबिटकॉइन या क्रिप्टो गुंतवणुकीच्या फसवणूक प्रकरणाच्या तपासात पुणे पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच, आरोपींकडचे क्रिप्टो परस्पर वळवल्याच्या आरोपावरून, मार्च 2022 मध्ये त्याच पोलिसांनी अटक केली होती.

‘पडताळणी झाली की कागदपत्रे पुसली जातात’ याला उत्तर एका वाक्यात देता येते: कायदा नेमके उलटे सांगतो, खाते बंद झाल्यानंतरही पाच वर्षे ओळखीच्या नोंदी जपून ठेवणे कंपनीवर बंधनकारक आहे. ॲप काढून टाकल्याने तर काहीच पुसले जात नाही.

आता ओटीपीचा मुद्दा, जो अर्धा खरा आहे. नुसता आधार क्रमांक कळल्याने बँकेतून पैसे जात नाहीत, हे बरोबर. आधारवर पैसे काढून देणाऱ्या व्यवस्थेत ओटीपीऐवजी बोटाचा ठसा चालतो. पण क्रिप्टोच्या पडताळणीत ठसा घेत नाहीत, म्हणून तो मुद्दा मी इथे ताणत नाही. माझा आक्षेप असा आहे की धोका फक्त तुमच्या आजच्या खात्याला नसतो, तुमच्या नावाने उद्या उघडल्या जाणाऱ्या खात्याचाही असतो, आणि त्या खात्याचा ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतच नाही. तो येतो ज्याने अर्ज भरला त्याने दिलेल्या क्रमांकावर. फेब्रुवारी 2022 मध्ये देशभरातील अनेकांना स्वतःच्या पतअहवालात (कर्जांची नोंद असलेल्या क्रेडिट रिपोर्टमध्ये) कधीही न घेतलेली कर्जे दिसली. कोणीतरी त्यांचे पॅन वापरून ती काढली होती.

माझ्याच कामातील एक अनुभव सांगतो. एका निवृत्त शिक्षिकेचे विवरणपत्र भरताना त्यांच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे आपण ज्याला एआयएस म्हणतो त्यात, क्रिप्टोच्या विक्रीवरील टीडीएसच्या ओळीमागून ओळी दिसल्या. बाईंना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा तर नातीची मदत लागते. चौकशीअंती कळले की भाच्याने ‘मावशी, जरा कॅमेऱ्यात बघ’ म्हणून त्यांची सेल्फी घेतली होती आणि त्यांच्या पॅनवर खाते उघडून तो व्यवहार करत होता. त्याला एकूण तोटाच झाला होता, परंतु 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि एका व्यवहारातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करता येत नाही, त्यामुळे कराची जबाबदारी मावशींच्या नावावर राहिली. ओटीपी कोणीही कोणाला सांगितला नव्हता. इथे निदान भाचा होता, त्याला घरी बोलावून विचारता तरी आले.

लपवण्यासारखे काही नसण्याविषयी फार लिहीत नाही. घराला आपण कुलूप लावतो ते घरात चोरीचा माल असतो म्हणून नव्हे. लेजर या क्रिप्टोचे पाकीट (क्रिप्टो सुरक्षित ठेवण्याचे छोटे उपकरण) विकणाऱ्या कंपनीच्या सुमारे 2,72,000 ग्राहकांची नावे, पत्ते आणि फोन 2020 मध्ये उघड्यावर आले, त्यानंतर काहींच्या घरी टपालाने हुबेहूब बनावट उपकरणे पोहोचली. त्यांनी काही लपवले नव्हते; पाकीट घरपोच मागवले होते, इतकेच.

या संदेशाने एक भेद मात्र पूर्णपणे गाळला आहे. नोंदणीकृत कंपनीचे केवायसी वेगळे आणि टेलिग्रामवर यूएसडीटी (डॉलरच्या किमतीशी बांधलेले क्रिप्टो नाणे) विकणाऱ्या अनोळखी माणसाने ‘पेमेंटआधी खात्री हवी’ म्हणून मागितलेले आधार, पॅन आणि हातात चिठ्ठी धरलेला फोटो वेगळा. मोबाइलवर फुकट नाणी मिळवून देण्याच्या नावाखाली ओळखपत्र मागणारी ॲपही याच दुसऱ्या वर्गातली. त्यांना हे मागण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने दिलेला नाही आणि त्यांना नकार दिल्याने तुमचे काहीही अडत नाही. रीतसर कंपनीलाही, तिची यंत्रणा स्वीकारत असेल तिथे, शेवटचे चार अंकच दाखवणारे मास्क्ड आधार द्यावे आणि प्रतीवर कंपनीचे नाव, कारण व तारीख आडवी लिहावी, म्हणजे ती प्रत दुसरीकडे खपवणे अवघड होते.

आमच्या ग्रुपमधील ज्या सदस्याने अशा विक्रेत्याला आधीच सगळे पाठवून दिले आहे, त्याने मला ‘आता काय’ असे विचारले. त्याला मी आधारचे बायोमेट्रिक लॉक करायला, दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते पाहायला, वर्षातून एकदा मोफत मिळणारा पतअहवाल मागवायला आणि दर तिमाहीला एआयएस उघडून बघायला सांगितले आहे. पैसे गेले तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा, हेही. पहिल्याच पाहणीत त्याच्या नावावर चार सिमकार्डे निघाली. त्यांतील दोन त्याची आहेत, एक वडिलांचे आहे आणि चौथे कोणाचे, ते घरात कोणालाच सांगता आले नाही.