टाउ प्रथिनाची कुपी आणि सोलापुरात फिरणारा संदेश

सोलापुरातील ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. परदेशी प्रयोगशाळा मृतांच्या मेंदूतून ‘टाउ’ हे प्रथिन काढून विकतात, ते टोचून घेतल्यास विसरभोळेपणा जातो आणि औषध कंपन्यांच्या दबावामुळे कुपीवर ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापले जाते, असा त्याचा आशय आहे. टाउचा स्मृतिभ्रंशाशी संबंध आहे आणि कुपीवर तशी सूचना असते, एवढेच त्यात खरे आहे.

मृतांच्या मेंदूचा मुद्दा आधी घेऊ. कुपीतले प्रथिन रिकॉम्बिनंट, म्हणजे जनुक दुसऱ्या सजीवात घालून बनवलेले असते. त्यात मानवाची असते ती फक्त जनुकीय माहिती. आपल्या १७व्या गुणसूत्रावरील टाउच्या जनुकाची प्रत बहुधा ई. कोलाय जिवाणूंत घालतात आणि प्रथिन ते जिवाणूच तयार करतात. मानवी इन्सुलिनही १९८२ पासून याच तत्त्वावर बनवून विकले जात आहे. शुद्धीकरणाची एक रूढ पद्धत तर पाहण्यासारखी आहे. जिवाणू फोडून मिळालेला गढूळ द्रव चक्क उकळतात. त्यात बहुतेक प्रथिनांचा साका होतो, पण टाउला मुळात ठरावीक घडीच नसल्याने उष्णतेने त्याचे फारसे बिघडत नाही आणि सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर ते वरच्या नितळ द्रवात सापडते. (टाउवरच्या प्रयोगांत सोबत लागणारे ट्युब्युलिन हे दुसरे प्रथिन मात्र अनेकदा खरोखरच मेंदूतून काढलेले असते, तो मेंदू डुकराचा किंवा गायीचा.)

टोचण्याने गुण येतो, हा दावा तर उलट्या दिशेचा आहे. मागावर चढवण्याआधी ताण्याला खळ देतात, त्याने सुताला जो टिकाऊपणा येतो, साधारण तसाच आधार टाउ मज्जापेशींतील सूक्ष्मनलिकांना, म्हणजे पेशीच्या आतल्या सांगाड्यातील बारीक नळ्यांना देते. १९७५ मध्ये ते ओळखले गेले तेही नलिका जुळवणारा घटक म्हणूनच. अल्झायमरमध्ये त्यावर प्रमाणाबाहेर फॉस्फेट चढतात, ते नलिकांवरून सुटते आणि पेशीत त्याचे गुंते साचतात. म्हणजे रुग्णाला बाहेरून टाउ पुरवण्याची गरज नसते. उलट, ते कमी करणाऱ्या किंवा त्याचा फैलाव रोखणाऱ्या औषधांच्याच चाचण्या झाल्या आहेत. मानवी टाउ बनवणाऱ्या उंदरांच्या मेंदूत टाउचे तंतू टोचल्यावर विकृती पसरल्याचेही प्रयोगांत दिसले आहे.

मग ही कुपी कशासाठी? हेपरिन (रक्त गोठू न देणारे औषध) मिसळून टाउचे तंतू कसे बनतात, कोणता रेणू ते रोखतो, हे परीक्षानळीत तपासण्यासाठी. तिथेही मर्यादा आहेच: हेपरिनने बनलेल्या तंतूंची रचना रुग्णांच्या मेंदूतील तंतूंहून वेगळी असल्याचे २०१९ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवून दिले.

राहिला कुपीवरच्या सूचनेचा मुद्दा. माणसाला टोचायच्या द्रवाची निर्जंतुकता, मात्रा आणि सुरक्षितता सिद्ध करावी लागते. प्रयोगशाळेच्या मालासाठी तशा चाचण्या झालेल्या नसतात. शिवाय जिवाणूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिन हा विषारी घटक त्यात उरलेले असू शकते आणि ते रक्तात गेल्यास थंडी वाजून ताप भरण्यापासून रक्तदाब कोसळण्यापर्यंत काहीही होऊ शकते.