"पत्र कापलं, नाव फोडलं, तेही तीन आठवड्यांनी" : प्रकाशकाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या इचलकरंजीच्या साप्ताहिकाला तुम्ही रिव्ह्यूत एकच तारा दिलात आणि कारणंही लिहिलीत. गटारीच्या गाळाबद्दलचं तुमचं पत्र निम्म्याहून जास्त कापलं. ठेकेदाराचं नाव गाळलं, तुमचं मात्र छापलं. छापायला तीन आठवडे लावले. दूधगंगेचं पाणी इचलकरंजीला आणायच्या सुळकूड योजनेवर कागलकडच्या विरोधकांची पत्रं छापतो. आणि हे सगळं जाहिरातींसाठी करतो.

आधी नावाचं. ती चूक सरळसरळ आमची आहे. तुमचं पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलं आणि "नाव छापू नये" हा मेसेज त्याच्याखाली वेगळा आला. ऑपरेटरने पत्राचा मजकूर उचलून पानात टाकला, खालचा मेसेज राहिला. पीडीएफ अंकातून नाव काढलंय. छापलेले अंक परत येत नाहीत, ते लपवण्यात अर्थ नाही. येत्या शनिवारी त्याच पानावर, त्याच जागी दिलगिरी येईल, अर्थात तुमचं नाव पुन्हा न घेता. यापुढे "नाव गुप्त" ही सूचना पत्राच्या पहिल्या ओळीत हवी, मजकुराच्या वर. म्हणजे पत्र उचललं की सूचनाही सोबत उचलली जाते. नाव न छापता पत्र येऊ शकतं, पण आमच्याकडे पूर्ण नाव, भाग आणि चालू मोबाइल नंबर लागतोच. निनावी पत्र आम्ही घेत नाही.

आता कात्री. पत्रांच्या पानावर पाच कॉलम असतात. त्यातले दोन जाहीर नोटिसा आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा खातात, उरतात तीन. मथळा आणि नाव-गाव वजा जाता एका कॉलमात साधारण ३०० शब्द बसतात. म्हणजे आठवड्याला ९०० शब्द, २०० शब्दांची चार पत्रं, फार ओढूनताणून पाच. तुमचं पत्र ६४० शब्दांचं होतं. ते तसंच घेतलं असतं तर बाकी गावाला एकच पत्र उरलं असतं. आम्ही ते २१० वर आणलं. गेलं ते बहुतेक पहिल्या चार परिच्छेदांतलं: पूर्वी गाव कसं स्वच्छ होतं, कुठल्या नेत्याने काय आश्वासन दिलं होतं वगैरे. गल्ली, तारीख, विजेच्या खांबाचा नंबर आणि शाळेच्या फाटकासमोरची अडचण ही चार वाक्यं तशीच ठेवली, कारण कारवाई करणारा माणूस तेवढीच वाचतो. कात्री लावल्यावर तुम्हाला एकदा वाचून दाखवायला हवं होतं, ते झालं नाही. यापुढे निम्म्याहून जास्त कापायचं असेल तर आधी फोन करू.

ठेकेदाराचं नाव मात्र आम्ही समजून-उमजून काढलं आणि उद्याही काढू. तुमचं वाक्य होतं की तो टक्केवारी देऊन बिलं काढतो. असेलही. पण त्याला धरून एकही कागद पत्रासोबत नव्हता. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा गुन्हा लिहिणाऱ्यावर लागतो तसा छापणाऱ्यावरही लागतो, आणि दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. जुन्या दंड संहितेत हेच ४९९-५०० होतं. प्रत्येक साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर तळाला एक ओळ असते, "प्रसिद्ध झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही". तिच्यामुळे सुटका होते असा पुष्कळांचा समज आहे. होत नाही. तिच्याच शेजारी मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाची नावं छापलेली असतात, नोटीस थेट त्यांना येते. आणि खरं असणं एवढंच पुरत नाही. ते खरं आहे हे दाखवता यावं लागतं आणि ते छापणं लोकहिताचं असावं लागतं.

फरक कुठे पडतो ते तुमच्याच पत्रावरून सांगतो. "ठेकेदार पैसे खातो" हा आरोप. "१२ तारखेला गाळ काढून कडेला टाकला, १९ तारखेपर्यंत तो तिथेच होता, १७ च्या पावसात निम्मा परत गटारीत गेला" ही माहिती, आणि ती आम्ही जशीच्या तशी छापली. ओला गाळ एखादा दिवस कडेला ठेवतात, तो पाणी निथळण्यासाठी. लगेच भरला तर ट्रॉलीतून रस्ताभर सांडतो. म्हणून "गाळ कडेला टाकला" या तक्रारीला उत्तर तयारच असतं. सात दिवस पडून होता म्हटलं की ते उत्तर चालत नाही. तारीख हाच तुमच्या पत्राचा कणा होता.

नावासह छापायचं असेल तर कागद मिळवा, आम्ही पहिल्या पानावर घेऊ. माहिती अधिकारात साधा अर्ज करा, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय चालतो. गटार, दिवाबत्ती आणि पाणी एकत्र कोंबलेले अर्ज तिथेच अडकतात. मागायचं ते नाव घेऊन मागा: अमुक प्रभागातल्या गटार सफाईचा कार्यारंभ आदेश, निविदेच्या अटी-शर्तींची प्रत, मोजमाप पुस्तिकेतल्या त्या महिन्याच्या नोंदींची प्रत आणि अदा केलेल्या देयकाची प्रत. "गाळ का उचलला नाही?" किंवा "चौकशी करून कळवा" असं लिहू नका. माहिती अधिकारी दप्तरात असलेला कागद देतो, खुलासा करणं किंवा चौकशी लावणं त्याच्यावर बंधनकारक नाही. मग "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर येतं आणि अर्जदार म्हणतो, बघा, दडवतात. उत्तराची मुदत ३० दिवस. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचं स्टॅम्प. प्रतींना पानाला २ रुपये. अटींमध्ये गाळ किती वेळात उचलायचा ते लिहिलेलं असेल तर तुमचे फोटो आणि ती अट शेजारी-शेजारी ठेवून बातमी होते. विशेषण एकही लागत नाही.

तीन आठवड्यांचं गणित असं. अंक शनिवारी येतो, पण आतली पानं मंगळवारी संध्याकाळी बंद होतात. तुमचं पत्र बुधवारी आलं, तो अंक तिथेच हुकला. पडताळणीसाठी दोनदा केलेला फोन उचलला गेला नाही (अनोळखी नंबर कोण उचलतं हल्ली, दोष देत नाही), त्यात दुसरा गेला. मग संबंधित विभागाला म्हणणं मांडायला सात दिवस दिले. याच शेवटच्या टप्प्यावर आम्हाला सुधारायला हवं. पावसाळ्यात गटारीच्या पत्राला सात दिवस थांबणं चुकीचं आहे. अशा पत्रांना आता दोन दिवस देऊ आणि उत्तर आलं नाही तर "उत्तर आलेलं नाही" असं लिहून पत्र सोडू.

सुळकूडबद्दल मात्र आपलं जमणार नाही. इचलकरंजीला पाणी हवं आहे हे आम्हाला वेगळं सांगायला नको. पंचगंगेचं प्रदूषण आणि कृष्णा योजनेच्या गळत्या यांवर याच पानाने वर्षानुवर्षं पत्रं छापली आहेत. पण २०१८ मध्ये वारणेचं पाणी इचलकरंजीला आणायच्या योजनेला वारणाकाठच्या दानोळीत विरोध झाला, आणि आता दूधगंगाकाठचे लोक दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाचं पाणी शेतीचं म्हणून अडून बसलेत, तर त्यांचं नेमकं म्हणणं काय हे गावाला कळू नये का? वृत्तपत्रांबद्दलच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलचा दंडकही तसाच आहे. वादाच्या विषयावर आलेलं प्रत्येक पत्र छापायला संपादक बांधील नाही, निवडीचा आणि सारांश देण्याचा अधिकार त्याला आहे. पण जे छापेल ते एकतर्फी दिसू नये एवढं त्याने पाहायचं. गेल्या चार अंकांत या विषयावर नऊ पत्रं आली, सहा योजनेच्या बाजूची आणि तीन विरोधातली. तीनही पत्रांत शिवी नव्हती, मुद्दे होते. तुमच्या बाजूच्या दोन पत्रांबद्दल तसं म्हणता येत नाही.

जाहिराती आम्ही घेतो. पाच रुपयांत कागद-छपाईसुद्धा निघत नाही, अंक जाहिरातींवरच चालतो. ज्या ठेकेदाराचं नाव तुम्ही लिहिलंत त्याची जाहिरात आमच्याकडे नाही. पण उद्या ती आली आणि आम्ही घेतली, तर त्याच्यावरची पत्रं थांबतात का हे तुम्ही बघाच.

एवढं सांगूनही पटलं नसेल तर प्रेस कौन्सिलकडे जा. साप्ताहिकासाठी मुदत प्रसिद्धीपासून दोन महिने. त्याआधी संपादकाला लेखी हरकत द्यावी लागते, तिची प्रत, अंकाचं कात्रण, त्याचं इंग्रजी भाषांतर आणि याच विषयावर कोर्टात प्रकरण चालू नसल्याचं निवेदन जोडायचं. हरकत कार्यालयात आणून दिलीत तर पोच लगेच शिक्क्यासह देऊ. कौन्सिल दंड करू शकत नाही, समज देऊ शकते किंवा ठपका ठेवू शकते.

आणि गाळ अजून तिथेच असेल तर नवे फोटो पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, साधा पाठवलेला फोटो दाबला जाऊन छपाईत काळा डाग होतो. एक फोटो लांबून, खांबाचा नंबर आणि शाळेची पाटी दिसेल असा, दुसरा जवळून. मंगळवारी पाचच्या आत आले तर याच शनिवारी लावू, नावाशिवाय.

— प्रकाशक