खुलासा : १८ टक्के जीएसटी बिलावर नाही, भाड्यावर

'गोलाईजवळच्या संकुलातले हॉटेलवाले बिलावर १८ टक्के जीएसटी लावतात, म्हणून गिऱ्हाईक तुटलं आणि हॉटेलं बंद पडली,' असा मेसेज लातुरात फिरतोय. साफ चूक. आमच्यासारख्या साध्या हॉटेलला १५ नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्केच लागतो. बिलात अडीच-अडीच असे दोन आकडे दिसतील. १८ टक्के आहे तो गाळ्याच्या भाड्यावर. शेजारचा कापडवाला तो आपल्या करातून वळता करून घेतो. आम्हाला ती सोय नाही, ५ टक्क्यांच्या दराची अटच तशी. समजा भाडं ४०,००० असेल, तर दरमहा ७,२०० खिशातून. त्यात पार्किंगची बोंब. थालीपिठासाठी दुसरा मजला कोण चढणार? बाकी, बंद वगैरे काही नाही. तवा तापलेलाच आहे.