किडे किती चिकटलेत?

इंजिन नसलेलं विमान उडवायला वर उचलणारी हवा आणि थोडी अक्कल लागते. हवा फुकट मिळते. अक्कल कमी पडते तिथे आम्ही उपकरणं बसवतो.

त्यातलं सर्वांत भरवशाचं म्हणजे काचेवर चिकटपट्टीने डकवलेला लोकरीचा तुकडा. राइट बंधूही असाच दोरा लावून उडायचे. ग्लायडर तिरकं सरकलं की दोऱ्याचं शेपूट एका बाजूला झुकतं. ते डावीकडे गेलं तर उजवं पेडल दाबायचं, विषय संपला. पाऊस लागला की तो काचेला चिकटून बसतो, एवढाच काय तो त्याचा रुसवा.

मैदान गाठू की नाही आणि किती उंचीवर, हे सांगणाऱ्या फ्लाइट कॉम्प्युटरचं तसं नाही. त्याच्या चौकश्याच फार. वजन किती? पाण्याचा भार किती? पंखांवर किडे किती चिकटलेत? प्रश्न रास्त आहे, किड्यांमुळे पंखावरचा प्रवाह बिघडतो आणि पल्ला घटतो. पण हवेत बसून किडे मोजायचे कोणी? मी ठोकून देतो एक आकडा. त्या थापेवर तो गंभीरपणे सांगतो, 'मैदानावर ८४ मीटर उंचीवर पोहोचाल.' जरा खाली ओढणारी हवा लागली की 'उणे ६०'. पुढे वर उचलणारी मिळाली की 'अधिक ११०'. मीटरपर्यंत अचूक, आणि दर वेळी वेगळं!

साधं ते सगळं प्रामाणिक, असंही नाही बरं का. चुंबकीय होकायंत्र वळणावर बेधडक खोटं बोलतं. उत्तर गोलार्धात उत्तरेकडून वळताना ते मागे रेंगाळतं, दक्षिणेकडून वळताना पुढे पळतं. थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, गरगरताना त्याच्याकडे न बघणंच बरं. इथे जीपीएस जिंकतो, हे जुनी खोडंही कबूल करतात.

खरा छळ आवाजांचा. वर चढताना व्हेरिओमीटर टिवटिवतो, खाली जाताना कण्हतो. त्याच थर्मलमध्ये दुसरं ग्लायडर आलं की धडकेचा इशारा देणारा फ्लार्म किंचाळतो. एवढ्यात बॅटरीही आपली तक्रार नोंदवते. कोण ओरडलं हे शोधायला मान खाली घालावी, तर पाहायचं ते ग्लायडर असतं बाहेर.

माझ्या कागदी नकाशावर मैदानाभोवती पेन्सिलीची वर्तुळं आहेत. शांत हवेत १००० मीटर उंचीवरून ४० किलोमीटर जाणारं ग्लायडर २० किलोमीटरच जाईल, असं धरून काढलेली. कॉम्प्युटर म्हणतो 'निघा', वर्तुळ म्हणतं 'थांब'. मी वर्तुळाचं ऐकतो, आणखी थोडी उंची घेतो, आणि मैदानावर भरपूर उंच पोहोचतो. तिथे कॉम्प्युटर मला सरासरी वेग दाखवतो. दाखवू दे.